काउबॉय, जुगारी, तलवारबाज... ज्याच्या नावाचं कॉकटेल जग पितं, तो काउंट नेग्रोनी खरंच होऊन गेला का?

ऑक्टोबर २०२२ मधली गोष्ट. तेव्हा तुम्ही रील्स बघत असाल, तर एक क्लिप तुमच्याही फीडवर नक्की येऊन गेली असणार.

'हाऊस ऑफ द ड्रॅगन' या सिरीजमधले दोन कलाकार, एमा डार्सी आणि ऑलिव्हिया कूक, कॅमेऱ्यासमोर बसून एकमेकांना प्रश्न विचारत होते. ऑलिव्हियाने आवडतं ड्रिंक विचारलं. एमाने शांतपणे एक इटालियन नाव घेतलं, नेग्रोनी स्बालियातो, आणि वर सांगितलं की त्यात प्रोसेको असते.

बस्स. एवढ्यावर इंटरनेट खुळं झालं. जगभरातल्या बारमध्ये लोक तेच मागायला लागले.

आता यातली गंमत बघा. स्बालियातो म्हणजे चुकलेला. हे चुकलेलं ड्रिंक आहे आणि त्यात जिन नसतेच. मग बरोबर असलेला नेग्रोनी कुठला? तर जिन, कंपारी आणि गोड व्हरमुथ, तिन्ही समसमान. लालभडक रंग, आधी गोड, मग कडू, आणि ग्लासात संत्र्याची एक चकती.

पण नेग्रोनी हे ना गावाचं नाव आहे, ना फळाचं. ते एका माणसाचं आडनाव आहे. लोक त्याला काउंट म्हणायचे. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सरदार घराण्यातला गडी.

आणि हा गडी खरंच होऊन गेला की बारवाल्यांनी रचलेली ती एक लोणकढी थाप आहे, यावर पुढे बरीच वर्षं वाद चालले. त्याच माणसाची ही गोष्ट.

राजधानीच्या वेशीवर जन्म

पूर्ण नाव कामिल्लो नेग्रोनी. जन्म २५ मे १८६८ चा. गाव फिएसोले.

फिएसोले हे इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या डोक्यावरच्या टेकडीवर वसलेलं गाव. तिथून खाली बघितलं की अख्खं फ्लॉरेन्स दिसतं. आणि त्या काळात फ्लॉरेन्सचा रुबाब वेगळाच होता. इटली नुकतीच एक देश म्हणून उभी राहत होती आणि १८६५ ते १८७१ अशी सहा वर्षं या नव्या देशाची राजधानी रोम नव्हती, फ्लॉरेन्स होती. म्हणजे कामिल्लो जन्मला तो थेट राजधानीच्या वेशीवर.

बापाचं नाव एनरिको नेग्रोनी, आईचं आडा सॅव्हेज लँडोर. आईचं आडनाव इटालियन वाटत नाही ना? कारण ते नाहीच. वॉल्टर सॅव्हेज लँडोर नावाचा एक इंग्रज कवी होता. तो इंग्लंड सोडून फिएसोलेत येऊन राहिला आणि १८६४ मध्ये फ्लॉरेन्समध्येच वारला. आडा त्याच्याच घराण्यातली.

त्यामुळे पोराच्या अंगात बापाकडून इटालियन आणि आईकडून इंग्रजी रक्त. हा मुद्दा लक्षात ठेवा. गोष्टीत पुढे जिन येणार आहे आणि जिन हे इंग्रजांचं लाडकं पेय.

आता काउंट या पदवीबद्दल. कामिल्लोचे आजोबा लुइजी हे काउंट होते. पण नातवाकडे ती पदवी कायदेशीररीत्या आली होती का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. फ्लॉरेन्सच्या लोकांना मात्र त्याचं काही पडलं नव्हतं. आपल्याकडे गावात पाटीलकी गेली तरी वाड्यातल्या माणसाला पाटीलच म्हणतात, तसंच हे.

सरदारांचं पोरगं निघालं गुरं राखायला

घरात सगळं होतं. पण पोरगं काही एका जागी बसणाऱ्यातलं नव्हतं. विशीच्या आसपास त्याने बोट पकडली आणि थेट अमेरिका गाठली.

आता त्या काळातले लाखो इटालियन अमेरिकेला जात होते. पण ते जायचे पोट भरायला. बंदरात हमाली करायची, रेल्वेचे रूळ टाकायचे आणि घरी पैसे पाठवायचे. कामिल्लोला पोटाची चिंता नव्हती. तो गेला हौसेने.

आणि तिथे जाऊन त्याने काय केलं? तर तो काउबॉय झाला, असं तो स्वतः सांगायचा.

काउबॉय म्हटलं की आपल्याला टोपी, पिस्तूल आणि सिनेमातलं संगीत आठवतं. प्रत्यक्षात ते काम गुराख्याचं. हजारो जनावरांचा कळप शेकडो मैल हाकत रेल्वे स्टेशनपर्यंत न्यायचा, रात्री पहारा द्यायचा, उन्हात भाजायचं, बर्फात गारठायचं. पगार महिन्याला ३० ते ४० डॉलर. हे काम करणाऱ्यांत मेक्सिकन होते, गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय होते, युरोपातून आलेले फाटके तरुण होते. त्यात फ्लॉरेन्सच्या सरदार घराण्यातलं एक पोरगं.

त्या काळात युरोपलाच काउबॉयचं वेड लागलं होतं. १८९० मध्ये बफेलो बिलची प्रसिद्ध वाइल्ड वेस्ट सर्कस इटलीत आली, फ्लॉरेन्समध्येही तिचे खेळ झाले. लोक तिकीट काढून काउबॉय बघत होते आणि त्यांच्याच शहरातलं एक पोरगं समुद्रापलीकडचं ते जग स्वतः बघायला गेलं होतं.

गुरं राखून झाल्यावर स्वारी न्यूयॉर्कला आली. तिथे तो तलवारबाजी शिकवायचा. सरदार घराण्यातल्या पोरांना तलवार लहानपणापासून शिकवली जायची, तेच कौशल्य परदेशात कामाला आलं. जोडीला जुगार होताच. पत्ते, पैजा, घोडे. आलेला पैसा कसा गेला हे वेगळं सांगायला नको.

पहिल्या महायुद्धाच्या आधी तो फ्लॉरेन्सला परतला. येताना काय घेऊन आला? तर अमेरिकन पद्धतीचं इंग्रजी, सांगायला ढीगभर किस्से आणि कडक दारूची सवय.

व्हिया तोर्नाबुओनीवरचा तो बार

फ्लॉरेन्समध्ये व्हिया तोर्नाबुओनी नावाचा रस्ता आहे. मोठमोठे जुने वाडे, महागडी दुकानं, उंची कॅफे. शहरातली बडी मंडळी आणि तिथे येऊन राहिलेले इंग्रज, सगळ्यांचं फिरायचं ठिकाण हेच.

त्याच भागात काफे कझोनी होतं. कामिल्लोचा अड्डा तिथला. आणि काउंटरच्या पलीकडे उभा असायचा फॉस्को स्कार्सेल्ली नावाचा बारटेंडर.

संध्याकाळी जेवणाआधी काहीतरी कडवट प्यायचं, ही इटलीतली जुनी पद्धत. त्याला म्हणतात अपेरितिव्हो. कडू चव जिभेवर गेली की तोंडाला पाणी सुटतं आणि भूक लागते, असा त्यामागचा हिशोब.

तेव्हा जे पेय जोरात होतं त्याचं नाव होतं अमेरिकानो. त्यात दोन बाटल्या लागायच्या आणि वर सोडा. या बाटल्यांची कुंडली बघितल्याशिवाय पुढचा किस्सा कळणार नाही.

पहिली बाटली : व्हरमुथ

१७८६ साल. उत्तर इटलीतलं तुरीन शहर. अंतोनियो बेनेदेत्तो कार्पानो याने वाइनमध्ये औषधी वनस्पती, मसाले, साखर आणि थोडं जास्तीचं अल्कोहोल घालून एक पेय विकायला सुरुवात केली. आज आपण ज्याला गोड व्हरमुथ म्हणतो त्याची सुरुवात इथून धरतात.

व्हरमुथ हे नाव आलं वेर्मुट या जर्मन शब्दावरून. ही एक कडू वनस्पती. आर्टेमिसिया कुळातली. आणि हे कूळ आपल्याला अजिबात परकं नाही. जोतिबाला वाहतात तो दवणा याच कुळातला. वनस्पती वेगळी, पण खानदान एकच.

दुसरी बाटली : कंपारी

गास्पारे कंपारी हा खेड्यातून आलेला माणूस. तुरीनमध्ये उमेदवारी करत पेयं बनवायला शिकला आणि १८६० मध्ये नोव्हारा गावी त्याने लालभडक, कडवट कंपारी तयार केली. पुढे तो मिलानला गेला. तिथली काचेच्या छताची प्रसिद्ध गॅलेरिया १८६७ मध्ये सुरू झाली आणि कंपारीने तिथे आपलं कॅफे थाटलं.

कंपारीत नेमकं काय काय पडतं हे कंपनी आजही सांगत नाही. पण तो लाल रंग कुठून यायचा हे माहीत आहे. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यापासून. किडे वाळवायचे आणि त्यातून रंग काढायचा. २००६ च्या सुमारास कंपनीने तो बंद करून कृत्रिम रंग घेतला. काही देशांचा अपवाद सोडला, तर आजच्या कंपारीत किडा नाही.

मिलानची कंपारी आणि तुरीनचं व्हरमुथ एकत्र केलं की झालं मिलानो-तोरीनो. त्यात सोडा ओतला की झालं अमेरिकानो. इटलीत फिरायला आलेल्या अमेरिकनांना ते आवडायचं म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात.

१९१९ ची ती संध्याकाळ

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. इटली जिंकलेल्यांच्या बाजूला होती, पण साधारण सहा लाख सैनिक गमावून. महागाई वाढलेली, संप चाललेले, राजकारण पेटलेलं.

तिकडे कामिल्लोच्या लाडक्या अमेरिकेत तर भलतंच घडत होतं. जानेवारी १९१९ मध्ये दारूबंदीची घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि पुढच्या जानेवारीपासून अख्ख्या देशातले बार बंद होणार होते. ज्या देशाने या गड्याला कडक प्यायला शिकवलं, तोच देश आता सोड्यावर येणार होता.

अशा दिवसांत, १९१९ किंवा १९२० मधल्या एका संध्याकाळी, कामिल्लो कझोनीत आला. वय पन्नाशी ओलांडलेलं. नेहमीचा अमेरिकानो त्याला मिळमिळीत लागायला लागला होता. फ्लॉरेन्समध्ये सांगितली जाणारी हकीकत अशी की त्याने फॉस्कोला एकच बदल सुचवला. सोडा काढ आणि त्याजागी जिन घाल.

जिनच का? इथे आईकडचं इंग्रजी नातं आठवा. लंडनशी त्याचं जाणं-येणं होतं, इंग्रजांच्या आवडीनिवडी त्याला माहीत होत्या. आणि सोडा काढून जिन घालायची म्हणजे पाणी काढून दारू घालायची. ड्रिंक एका फटक्यात कडक.

खरी करामत मात्र फॉस्कोची. त्याने तिन्ही गोष्टी समसमान घेतल्या. आणि अमेरिकानोमध्ये लिंबाची साल असायची, ती काढून संत्र्याची चकती टाकली. का, तर ट्रेवर दोन लाल ग्लास शेजारी ठेवले की कुठला कोणाचा हे कळावं म्हणून. आज जगातल्या प्रत्येक नेग्रोनीत जो संत्र्याचा तुकडा दिसतो, त्याचं मूळ हे. ग्राहकांचे ग्लास अदलाबदल होऊ नयेत, एवढंच.

कझोनीतली बाकीची मंडळी ते बघायची आणि काउंट नेग्रोनी पितात तसलं एक आम्हालाही द्या म्हणायची. हळूहळू त्यातला काउंट गळला आणि ड्रिंकचं नाव नुसतं नेग्रोनी झालं.

दिवसाला वीस ग्लास?

हा सगळा किस्सा खरा कशावरून? पुरावा म्हणून एक पत्र आहे.

ऑक्टोबर १९२० मध्ये लंडनच्या एका स्नेह्याने कामिल्लोला लिहिलेलं. कामिल्लो तेव्हा आजारातून उठत असावा. पत्रात आधी त्याच्या तब्येतीची चौकशी आहे, मग तो पूर्वीसारखाच पितो आणि हसतो याचा आनंद आहे. आणि शेवटी प्रेमाचा सल्ला आहे की दिवसाला वीसपेक्षा जास्त नेग्रोनी काही घेऊ नकोस.

वीस! हिशोब करून बघा. आजच्या एका नेग्रोनीत साधारण २५ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. वीस ग्लास म्हणजे ५०० मिली. ७५० मिलीच्या व्हिस्कीच्या बाटलीत ते ३२० मिलीच्या आसपास असतं. म्हणजे रोज दीड बाटली व्हिस्की. तेव्हाचे ग्लास लहान असतील किंवा स्नेह्याने चेष्टा केली असेल. रोज एवढं पिऊन माणूस फार दिवस टिकत नाही.

पण त्या पत्रातला महत्त्वाचा भाग आकडा नाही, शब्द आहे. नेग्रोनी हे ड्रिंकचं नाव १९२० मध्ये, खुद्द कामिल्लो जिवंत असताना, थेट लंडनमध्ये माहीत होतं.

१९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या 'सन' या वर्तमानपत्राचा बॉब डेव्हिस हा पत्रकार फ्लॉरेन्सला आला. त्याला हा साठीचा म्हातारा भेटला. अस्सल अमेरिकन इंग्रजीत बोलणारा, गुरं राखल्याचे आणि जुगार खेळल्याचे किस्से सांगणारा. डेव्हिसने त्याच्यावर लिहिलं. त्यामुळे काउबॉयवाली गोष्ट आपल्यापर्यंत छापील स्वरूपात पोहोचली.

१९३४ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी कामिल्लो गेला. आपल्या आडनावाचं पुढे काय होणार आहे याचा त्याला पत्ताही नव्हता.

माणूस विसरला गेला, ग्लास राहिला

कारण नेग्रोनी खरा जगभर पसरला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४७ मध्ये अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्स शूटिंगसाठी रोममध्ये होता. तिथे त्याला हे ड्रिंक सापडलं आणि त्याने त्यावर एक विनोद केला. यातला कडू भाग लिव्हरला चांगला, जिन लिव्हरला वाईट, त्यामुळे हिशोब बरोबर जुळतो, अशा अर्थाचा. वर्तमानपत्रात तो छापून आला आणि अजूनही फिरतो. वैद्यकीय सल्ला म्हणून मात्र घेऊ नका, कडू भागातही दारूच असते.

१९७२ मध्ये मिलानच्या बार बास्सोमध्ये मिर्को स्तोक्केत्तो याच्या हातात जिनऐवजी फसफसणाऱ्या वाइनची बाटली आली आणि चुकलेला नेग्रोनी, म्हणजे स्बालियातो जन्मला. तोच पन्नास वर्षांनी तुमच्या रील्समध्ये आला.

ड्रिंक मोठं होत गेलं, तसा माणूस धूसर होत गेला. काउंट कामिल्लो वगैरे कोणी नव्हताच, असंही लोक म्हणायला लागले. मग कोर्सिका बेटावरच्या नेग्रोनी घराण्याने दावा ठोकला. त्यांच्या म्हणण्यानुसार हे ड्रिंक त्यांच्या पास्काल ऑलिव्हिए द नेग्रोनी या फ्रेंच सेनापतीने काढलं, तेही आफ्रिकेत सेनेगलमध्ये असताना.

हा सेनापती खराच होता. १८२९ मध्ये जन्मला, १९१३ मध्ये वारला. पण गाडी अडते ती कंपारीपाशी. त्याचं सेनेगलमधलं वास्तव्य १८५० च्या दशकातलं सांगतात आणि कंपारी तयार झाली १८६० मध्ये. त्याने व्हरमुथचं एखादं ड्रिंक बनवलं असेलही. पण कंपारीशिवाय नेग्रोनी म्हणजे गुळाशिवाय पुरणपोळी.

शेवटी शोध घेतला तो एका बारटेंडरनेच. फ्लॉरेन्सच्या लुका पिक्कीने जुनी कागदपत्रं, फोटो, पत्रं गोळा केली आणि २००२ मध्ये काउंटच्या मागावर निघाल्याची गोष्ट सांगणारं पुस्तक काढलं. अमेरिकेत डेव्हिड वाँड्रिच या कॉकटेलच्या इतिहासकाराने तिकडचे दुवे तपासले. जन्म, आईबाप, अमेरिका, तलवारबाजी, कझोनी, ते पत्र... एकेक कडी जुळत गेली.

कामिल्लो नेग्रोनी होऊन गेला होता. थाप नव्हती.

आता घरी कसा बनवायचा?

नेग्रोनीची मजा अशी की यात चुकायला जागा फार कमी. ना शेकर लागतो, ना सिरप. लागतो तो घरातला पेग मेजर.

लागणारं साहित्य एका ग्लाससाठी :

- जिन ३० मिली
- कंपारी ३० मिली
- गोड लाल व्हरमुथ ३० मिली
- बर्फाचे मोठे, घट्ट खडे
- संत्र्याची चकती

बुटका, जाड बुडाचा ग्लास घ्या. तो बर्फाने काठोकाठ भरा. तिन्ही गोष्टी मापून ओता. लांब चमच्याने अर्धा मिनिट सावकाश ढवळा. संत्र्याची चकती टाका. झालं.

आता जिथे लोक गडबड करतात ते मुद्दे.

पहिला मुद्दा बर्फाचा. बर्फ कमी टाकला तर ड्रिंक कमी पातळ होईल असं वाटतं, होतं उलटं. थोडा बर्फ पटकन वितळतो आणि सगळं पांचट होतं. भरपूर बर्फ एकमेकाला थंड ठेवतो. थोडं पाणी मात्र सुटायलाच हवं. न ढवळलेला नेग्रोनी घशाला जाळतो आणि कडू लागतो. ते अर्धा मिनिट ढवळणं म्हणजेच रेसिपी.

दुसरा मुद्दा शेक करण्याचा. करू नका. लिंबाचा रस किंवा साय असेल तर शेकर लागतो. इथे तिन्ही द्रव स्वच्छ आहेत. हलवले की हवेचे बुडबुडे शिरतात आणि काचेसारखा लाल रंग गढूळ होतो.

तिसरा मुद्दा व्हरमुथचा. बाटलीवर ड्राय लिहिलेलं, पांढरं व्हरमुथ आणू नका. ते दुसऱ्या ड्रिंकचं. लाल आणि गोड हवं. आणि ही शेवटी वाइन आहे, त्यामुळे उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यात संपवा. कपाटात वर्षभर पडलेल्या व्हरमुथचा नेग्रोनी कडू आणि आंबूस लागतो, आणि लोक शिव्या देतात कंपारीला.

चौथा मुद्दा जिनचा. साधी ड्राय जिन उत्तम. जिनची मुख्य चव ज्युनिपर नावाच्या फळाची. संस्कृतात त्याला हपुषा म्हणतात आणि ते हिमालयात मिळतं. गोव्यात गेल्या काही वर्षांत चांगल्या जिन बनायला लागल्यात. 'ग्रेटर दॅन' २०१७ मध्ये आली आणि त्याच कंपनीची हिमालयातलं ज्युनिपर वापरणारी जिन तर 'हपुसा' याच नावाने मिळते. कंपारी आणि व्हरमुथ इतके दणकट चवीचे असतात की महागातली नाजूक जिन त्यात हरवून जाते. पैसे वाचवा.

पाचवा मुद्दा संत्र्याचा. नागपुरी संत्रं चालतं. साल नीट धुवा, कारण सुगंधाचं तेल सालीतच असतं. चकती टाकण्याआधी सालीचा तुकडा ग्लासवर जरा दाबा, बारीक फवारा उडतो. तो वास नाकात गेला की कडूपणाची धार कमी लागते.

पहिला घोट कडूच लागणार. कारलं पहिल्या घासाला कोणाला आवडलंय? फारच कडू वाटला तर जिनऐवजी सोडा टाका, पुन्हा अमेरिकानो होईल. म्हणजे कामिल्लोने जे केलं त्याच्या उलट.

आणि एक हिशोब ध्यानात ठेवा

ग्लास छोटा दिसतो आणि गोडसर लागतो, इथेच माणूस फसतो. तीस मिली जिनमध्ये जवळपास १३ मिली अल्कोहोल, कंपारीत साडेसात, व्हरमुथमध्ये पाचच्या आसपास. बेरीज पंचवीस. म्हणजे एक नेग्रोनी बरोबर व्हिस्कीचे दोन छोटे पेग. वीस सोडा, दोन घेतले तरी चार पेग होतात. नंतर गाडीच्या चावीला हात लावायचा नाही.

महाराष्ट्रात जिनसारखं कडक मद्य घ्यायला वय किमान २५ लागतं आणि मद्यपानाचा परवानाही लागतो, अगदी घरी बसून घेणार असलात तरी. दारू तब्येतीला वाईटच. न पिणाऱ्याने हा किस्सा वाचून सुरुवात करायची काहीच गरज नाही, किस्सा न पिताही मजेदार आहे.

जाता जाता फॉस्कोबद्दल. काउंट नेग्रोनीने आयुष्यात गुरं राखली, तलवार चालवली, पैसे उडवले. पण ज्या ड्रिंकमुळे तो अजून लोकांच्या तोंडी आहे, ते त्याने स्वतःच्या हाताने बनवलंच नव्हतं. त्याने फक्त ऑर्डर दिली. बाटल्या फॉस्कोने उचलल्या, माप फॉस्कोने ठरवलं, संत्रं फॉस्कोने कापलं. नाव मात्र पिणाऱ्याचं लागलं.

घरी चार मित्र बसलेत, तुम्ही किचनच्या ओट्यावर उभं राहून बर्फ भरताय, तीस-तीस मिली मोजताय आणि बाहेरून कोणीतरी ओरडतंय की माझा जरा कडक कर. त्या वेळी काउंट तो असतो. तुम्ही असता फॉस्को स्कार्सेल्ली.

त्यामुळे पुढच्या वेळी कोणी नेग्रोनीच्या नावाने ग्लास उंचावला, तर काउंटच्या जोडीला फॉस्कोचंही नाव घ्यायला सांगा.